निकेल सिल्व्हरच्या पत्र्याची कात्रणे पितळेच्या भंगारात जाऊ नयेत

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

केंद्र सरकारने जून 2023 मध्ये देशासाठी महत्त्वपूर्ण अशा 30 खनिजांची यादी जाहीर केली, जानेवारी 2025 मध्ये राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियानाला मंजुरी मिळाली आणि तेव्हापासून लिथियम, कोबाल्ट व दुर्मीळ मृदा धातू यांच्याविषयी वृत्तपत्रांतून सातत्याने वाचायला मिळते. त्या यादीत तांबे आणि निकेल हे दोन्ही धातू आहेत. चर्चा मात्र खाणी, परदेशांशी होणारे करार आणि विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या बॅटऱ्या यांपलीकडे क्वचितच जाते. आपल्या औद्योगिक वसाहतींमधील लहान प्रेसशॉपांच्या, म्हणजे पत्रा कापून-वाकवून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांच्या, मागच्या अंगणात हेच दोन धातू निकेल सिल्व्हरच्या कात्रणांच्या रूपाने रोज पडतात, पितळेच्या भंगारात मिसळून पितळेच्या भावाने विकले जातात आणि त्यांतील निकेल कायमचे हातचे जाते, या गोष्टीकडे आपल्या वाचकांचे, विशेषतः लघुउद्योजकांचे लक्ष वेधावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. माझी सारी नोकरी टूलरूम आणि प्रेसकामात झाली असल्याने हा विषय मला जवळचा वाटतो.

निकेल सिल्व्हर, म्हणजेच बाजारात ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतात तो धातू, तांबे, निकेल आणि जस्त या तिघांचा मिश्रधातू आहे. चांदीचा त्यात अंशही नसतो. पत्र्याच्या स्वरूपात अधिक चालणाऱ्या दोन प्रतींपैकी एकीत साधारणपणे 65 टक्के तांबे, 18 टक्के निकेल व 17 टक्के जस्त असते आणि दुसरीत हेच प्रमाण 55, 18 व 27 असे असते. स्वस्त प्रतींमध्ये निकेल 12 किंवा 10 टक्क्यांपर्यंत खाली येते. निकेलमुळे पितळेचा पिवळेपणा जाऊन पांढरी झाक येते, आणि सर्वसामान्य ग्राहकाला तेवढेच दिसते. कारखान्याच्या दृष्टीने रंग दुय्यम आहे. तांबे आणि निकेल एकमेकांत कोणत्याही प्रमाणात विरघळत असल्यामुळे आणि जस्तही एका मर्यादेपर्यंत त्यांत सामावत असल्यामुळे या मिश्रधातूची अंतर्गत रचना एकजिनसी राहते. म्हणून तो थंड अवस्थेत लाटून अगदी पातळ करता येतो, खोल ओढता येतो, वाकवता येतो, आणि लाटताना तो जसजसा कडक होत जातो तसतशी त्यात स्प्रिंगसारखी लवचिकता येते.

या धातूच्या युरोपातील जन्माची हकीकत माझ्या मुद्द्याशी थेट संबंधित आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. चीनच्या युन्नान भागात असा पांढरा मिश्रधातू फार पूर्वीपासून तयार होत असे आणि ‘पाकतोंग’ या नावाने तो अठराव्या शतकात युरोपात पोहोचत असे. स्वीडनमध्ये आक्सेल क्रोनस्टेट यांनी 1751 मध्ये निकेल हा स्वतंत्र धातू असल्याचे दाखवले आणि 1776 मध्ये गुस्ताफ फॉन एंगेस्ट्रॉम यांनी पाकतोंगचे पृथक्करण करून त्यातील घटक ओळखले. पण स्वस्त निकेल कुठून आणायचे हा प्रश्न उरलाच होता. त्याचे उत्तर सॅक्सनीत मिळाले. तिथल्या डोंगराळ भागात कोबाल्टपासून निळा रंग तयार करणारे कारखाने होते आणि त्यांच्या भट्ट्यांच्या तळाशी निकेलयुक्त गाळ उरत असे, ज्याला कोणी विचारत नव्हते. श्नेबर्ग येथील एर्न्स्ट आउगुस्ट गाइटनर यांनी 1823 मध्ये त्या टाकाऊ गाळातून निकेल काढून ‘आर्गेंटान’ नावाने हा मिश्रधातू बाजारात आणला. त्याच सुमारास बर्लिनमध्ये हेनिगर बंधूंनीही तो ‘नॉयझिल्बर’ या नावाने सुरू केला. म्हणजे जो माल आज आपण कात्रण म्हणून फेकतो, त्याचा उद्योगच मुळात दुसऱ्या एका उद्योगाच्या टाकाऊ मालातून उभा राहिला.

पुढे 1840 मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांना विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा देण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले आणि निकेल सिल्व्हरच्या पत्र्याला मोठी बाजारपेठ मिळाली. मुलाम्याची चांदी काही वर्षांनी घासली गेली तरी खालचा धातूही पांढराच असल्याने भांडे विद्रूप दिसत नसे. काटे, चमचे व तबके यांच्यावर दिसणारी ‘ईपीएनएस’ (इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर) ही अक्षरे याच प्रकारच्या मालाची खूण आहेत. मात्र मुलामा पूर्ण उडालेल्या भांड्यात ताक, चिंच किंवा लिंबू घातलेले पदार्थ ठेवू नयेत, कारण आम्लामुळे तांबे व निकेल अन्नात उतरते. पितळेच्या भांड्यांना आपल्याकडे कल्हई लावतात ती याच कारणाने.

भांडी आणि भेटवस्तू हा या पत्र्याचा डोळ्यांसमोर असलेला उपयोग झाला. डोळ्यांआड असलेले उपयोग अधिक महत्त्वाचे आहेत. मोबाइल, राऊटर, वाहनांतील नियंत्रण यंत्रणा किंवा वैद्यकीय उपकरणे यांच्या सर्किट बोर्डवर काही भागांवर लहान चौकोनी धातूची झाकणे बसवलेली असतात. एका भागातून निघणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरींनी शेजारच्या भागाच्या कामात व्यत्यय आणू नये म्हणून ती असतात, आणि त्यांपैकी कितीतरी झाकणे 0.1 ते 0.2 मिलिमीटर जाडीच्या निकेल सिल्व्हरच्या पत्र्याची असतात. या धातूची विद्युतवाहकता तांब्याच्या जेमतेम सहा टक्के असते, हे माहीत असलेल्या माणसाला हा उपयोग चमत्कारिक वाटेल. पण उच्च वारंवारितेला प्रवाह धातूच्या पृष्ठभागालगतच्या अतिशय पातळ थरातून वाहतो. एक गिगाहर्ट्झ वारंवारितेला हा थर तांब्यात सुमारे 2 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि निकेल सिल्व्हरमध्ये साडेआठ मायक्रॉनच्या आसपास असतो. 150 मायक्रॉन जाडीच्या पत्र्यात असे सतरा-अठरा थर मावतात. त्यामुळे कमी वाहकता असूनही लहर पलीकडे पोहोचत नाही. कमी वारंवारितेच्या चुंबकीय क्षेत्राला मात्र हा पत्रा अडवू शकत नाही, कारण तो चुंबकीय नाही. तिथे वेगळेच मिश्रधातू लागतात.

मग तांब्याचा किंवा कथिलाचा मुलामा दिलेल्या पोलादाचा पत्रा का वापरत नाहीत? पोलादी पत्राही वापरला जातो आणि तो स्वस्तही पडतो. पण प्रेसमध्ये पत्रा कापला की कापलेल्या कडेवर मुलामा राहत नाही, उघडे लोखंड राहते आणि आपल्या पावसाळ्यात सर्वांत आधी ती कड गंजते. निकेल सिल्व्हर आरपार एकच धातू असल्याने त्याची कड आणि पृष्ठभाग यांत फरक नाही. शिवाय त्याला मुलाम्याशिवाय थेट डाख देता येतो. युरोपीय महासंघाने 1 जुलै 2006 पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंतील शिशावर निर्बंध आणल्यानंतर शुद्ध कथिलाच्या मुलाम्याचा वापर वाढला, आणि शुद्ध कथिलावर काळाच्या ओघात केसासारखे बारीक धातूचे तंतू उगवून शॉर्ट सर्किट होऊ शकते, ही जुनी अडचण पुन्हा समोर आली. ज्या पत्र्याला मुलामाच लागत नाही त्याचे मोल अशा ठिकाणी कळते.

दुसरा मोठा उपयोग स्प्रिंगांचा. जुन्या स्ट्रोजर आणि क्रॉसबार पद्धतीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हजारो रिले, म्हणजे विजेने चालणारे लहान स्विच, असत आणि त्यांतील पात्या निकेल सिल्व्हरच्या असत. अशी पाती वर्षानुवर्षे दिवसातून कितीतरी वेळा वाकून पुन्हा मूळ जागी यायची आणि टोकाला बसवलेले चांदीचे किंवा तत्सम धातूचे संपर्कबिंदू दर वेळी त्याच दाबाने जुळवायची. इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आल्यावर ते काम संपले, पण लहान रिले, स्विच आणि कनेक्टर यांमध्ये हीच पाती अजून आहे. यासाठी 55-18-27 ही प्रत अधिक पसंत केली जाते. मऊ अवस्थेत तिची ताणशक्ती 400 मेगापास्कलच्या आसपास असते आणि स्प्रिंग टेंपरपर्यंत (टेंपर म्हणजे पत्र्याच्या कडकपणाची पायरी) लाटल्यावर ती 700 च्या पुढे जाते. हा कडकपणा केवळ लाटण्याने येतो. पोलादासारखे तापवून व पाण्यात बुडवून तो आणता येत नाही. म्हणून पत्रा कोणत्या टेंपरमध्ये आला, हे त्याच्या घटकांइतकेच महत्त्वाचे असते. मोठा विद्युतप्रवाह वाहून नेण्याच्या कामी मात्र ही पाती वापरू नये, तापेल.

बाकीच्या उपयोगांची यादी लांब आहे. चांगल्या प्रतीच्या किल्ल्या, चष्म्याच्या फ्रेमचे भाग, धातूच्या झिप, क्वार्ट्झ स्फटिकावरची टोपणे, भूमितीची उपकरणे, शिकाऊ बासरीवादकांच्या पाश्चात्त्य बासऱ्या, बँडमधील वाद्यांच्या सरकत्या नळ्या, गिटारचे पडदे, हे सारे या धातूतून होते. मिरजेच्या सतारीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सतारीचे पडदे पितळेचे असतात तसे जर्मन सिल्व्हरचेही असतात, आणि तारेच्या सततच्या घर्षणाला व वादकाच्या बोटांच्या घामाला ते चांगले टिकतात. सॅक्सनीतील ग्लासह्यूट्टे येथील घड्याळे बनवणारी ए. लांगे उंड झ्योने ही कंपनी तर घड्याळाच्या आतील मुख्य पट्ट्यांसाठी मुलामा न दिलेले जर्मन सिल्व्हर आजही वापरते.

आता आपल्याकडच्या खरेदीविषयी. लहान कारखान्याची मागणी बहुतेक वेळा ‘जर्मन सिल्व्हर पट्टी, 0.3 मिमी’ एवढ्याच शब्दांत जाते. निकेल किती, टेंपर कोणता, शिसे चालेल की नाही, पट्टीची रुंदी लाटण्याच्या दिशेच्या संदर्भात कशी हवी, यांपैकी काहीच त्यात नसते. व्यापारी मग जवळ असेल तो माल देतो आणि त्याला दोषही देता येत नाही, कारण मागितले होते ते त्याने दिलेले असते. 18 टक्क्यांऐवजी 12 टक्के निकेलचा, स्प्रिंग हार्डऐवजी हाफ हार्ड पत्रा आला तर दिसायला काहीही फरक कळत नाही. प्रेसवर उलट तो अधिक सहज कापला जातो आणि कामगार खूश होतो. काही महिन्यांनी ग्राहकाकडे पात्यांचा ताण उतरतो तेव्हा प्रकरण परत येते. एका कारखान्यात मी पाहिले आहे की, असा माल परत आल्यानंतर आठवडाभर डायमध्ये, म्हणजे पत्रा कापणाऱ्या साच्यात, दोष शोधला गेला, त्यातला पंच (कापणारा ठोकळा) नव्याने घासून बसवला गेला, आणि पत्र्याची तपासणी मात्र सर्वांत शेवटी, तीही बाहेरून करून घ्यावी लागली.

लाटण्याच्या दिशेविषयी दोन शब्द अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण यात वाया जाणारा माल थोडा नाही. कडक टेंपरच्या पत्र्यात धातूचे कण लाटण्याच्या दिशेने लांबलेले असतात. वाकण्याची रेघ या दिशेला समांतर आली तर बाहेरच्या अंगाला तडा जातो. ती आडवी असेल तर तोच पत्रा बराच लहान वाक निमूटपणे सहन करतो. सुटा भाग पट्टीवर कसा मांडायचा हे ठरवताना माल वाचवण्याकडेच लक्ष दिले, तर वाचवलेल्या मालापेक्षा तडकलेला माल जास्त होतो. दोन्ही दिशांना वाक असलेल्या भागासाठी तो पट्टीवर तिरका, 45 अंशांत मांडण्याची जुनी रीत आहे आणि ती चांगली आहे. त्याचप्रमाणे, कडक लाटलेला किंवा वाकवलेला माल एकदम तापवला तर आतल्या ताणामुळे तो भट्टीतच तडकू शकतो, म्हणून तो हळूहळू तापवावा लागतो. आणि अमोनिया हा पितळेप्रमाणेच याही धातूचा शत्रू आहे; तो पितळेपेक्षा अधिक तग धरतो हे खरे, पण कोकणातील मासळीच्या शीतगृहांसारख्या ठिकाणी, जिथे शीतकरणासाठी अमोनिया वापरतात, ताण असलेल्या पात्या उघड्या बसवू नयेत.

कात्रणांचा प्रश्न याच निष्काळजी खरेदीतून पुढे वाढतो. ज्या मालाची प्रत आत येतानाच कागदावर लिहिलेली नाही, त्याच्या कात्रणांची प्रत बाहेर जाताना कोण लिहिणार? लहान सुटे भाग पंच करताना पट्टीचा मोठा हिस्सा जाळीच्या रूपाने उरतो. झाकणाच्या कडा, मधली भोके, सुरुवातीचे आणि शेवटचे तुकडे हे वेगळेच. प्रेसखाली सगळ्या मशीनांची मिळून एकच पेटी असते. पितळ, फॉस्फर ब्राँझ आणि निकेल सिल्व्हर एकत्र गोळा होतात, भंगारवाला नजरेने पाहतो आणि ‘मिक्स पितळ’ म्हणून भाव देतो. पांढरा माल वेगळा दिसलाच तर तो स्टेनलेसचा तुकडा समजून बाजूला फेकला जातो, कारण दोघांनाही चुंबक चिकटत नाही.

यात नुकसान किती होते, याचा साधा हिशेब मांडता येतो. 55-18-27 प्रतीच्या 100 किलो कात्रणांत 55 किलो तांबे, 18 किलो निकेल आणि 27 किलो जस्त असते. ही कात्रणे 1000 किलो पितळेच्या भंगारात मिसळली तर वितळलेल्या रसात निकेलचे प्रमाण सुमारे 1.6 टक्के होते. यंत्रावर कापण्यासाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या पितळेच्या युरोपीय मानकात मात्र निकेल 0.3 टक्क्यापर्यंतच चालते. म्हणजे ते 18 किलो निकेल मर्यादेत बसवण्यासाठी जवळजवळ सहा टन पितळेत पसरवावे लागेल. एकदा ते असे पसरले की भट्टीत ते वेगळे काढता येत नाही, कारण हवा किंवा क्षारद्रव्य देऊन जस्त जसे जाळून टाकता येते तसे निकेल सहज निघत नाही. ते तांब्याच्या विद्युत-शुद्धीकरणातच, तेही टाकीतल्या द्रावणात साचून, परत मिळू शकते. फाउंड्रीवाल्याला तर ते नकोच असते. त्याच्या पितळेचा रंग फिका पडतो, माल अपेक्षेपेक्षा कडक निघतो आणि तो पुढच्या वेळी आपल्या भंगाराचा भाव आणखी पाडतो. ज्यांनी 18 टक्के निकेलची किंमत मोजून पत्रा घेतला त्यांनी ते निकेल फुकट तर दिलेच, वर दंडही भरला.

जगाच्या भंगारबाजारात हा भेद फार पूर्वीपासून केला जातो. आंतरराष्ट्रीय व्यवहारात प्रचलित असलेल्या अमेरिकन सांकेतिक शब्दांमध्ये पिवळ्या पितळेच्या भंगाराला ‘हनी’ म्हणतात, आणि जामनगरच्या पितळउद्योगात हा शब्द सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच यादीत प्रतवारी करून वेगळ्या ठेवलेल्या निकेल सिल्व्हरच्या नव्या कात्रणांसाठी ‘मलार’ आणि मिसळलेल्या नव्या कात्रणांसाठी ‘मेझ’ असे स्वतंत्र शब्द आहेत. सीमाशुल्काच्या वर्गीकरणातली तफावतही पाहण्याजोगी आहे. 0.15 मिलिमीटरपेक्षा जाड पत्रा व पट्टी यांच्यासाठी 7409 40 हा उपविभाग आहे आणि त्याच्या वर्णनात निकेल सिल्व्हरचा नावानिशी उल्लेख आहे. भंगारासाठी मात्र 7404 हे शीर्षक तांबे आणि त्याच्या साऱ्या मिश्रधातूंना मिळून आहे. आत येताना ज्याची ओळख कागदावर होती, तो माल बाहेर जाताना नुसते ताम्रभंगार होतो.

यावर कोणी म्हणेल की, प्रमाण थोडे आहे, देशाच्या निकेलच्या गरजेपुढे ते नगण्य आहे. देशाच्या दृष्टीने ते थोडे असेल; प्रेसशॉपच्या दृष्टीने थोडे नाही. शिवाय आपल्याकडे निकेलची परिस्थिती तितकी निश्चिंत राहण्यासारखी नाही. ओडिशातील सुकिंदा खोऱ्यात निकेलयुक्त माती आहे, पण प्राथमिक निकेलसाठी आपण मुख्यतः आयातीवरच अवलंबून आहोत. देशातील निकेल उत्पादक म्हणून ओळखली जाणारी गोव्यातील निकोमेट ही कंपनी डिसेंबर 2021 मध्ये वेदांतने घेतली, एवढाच त्या क्षेत्राचा आवाका. तांब्याबाबत, तुतिकोरिनचा ताम्रप्रकल्प मे 2018 पासून बंद आहे आणि त्यानंतर देश शुद्ध तांब्याचा निव्वळ आयातदार झाला. जगातील सर्वांत मोठा निकेल उत्पादक असलेल्या इंडोनेशियाने जानेवारी 2020 पासून कच्च्या खनिजाची निर्यात बंद केली. 8 मार्च 2022 रोजी लंडन मेटल एक्स्चेंजवर निकेलचा भाव काही वेळ टनाला एक लाख डॉलरच्या वर गेला आणि एक्स्चेंजला त्या दिवसाचे व्यवहार रद्द करावे लागले. अशा बाजारात, ज्या धातूच्या वजनाचा जवळपास पाचवा हिस्सा निकेल आहे त्याची कात्रणे नजरेने तोलून देऊन टाकणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

स्वच्छ, एकाच प्रतीची कात्रणे थेट पुन्हा त्याच प्रतीच्या पट्टीत जाऊ शकतात. इथे एक काळजी घ्यावी लागते. किल्ल्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रतीत, कापकाम सोपे व्हावे म्हणून, एक-दोन टक्के शिसे घातलेले असू शकते. स्प्रिंगच्या आणि झाकणांच्या पत्र्यात ते साधारण 0.05 टक्क्याच्या आत लागते. म्हणून निकेल सिल्व्हर पितळेपासून वेगळे ठेवणे जितके आवश्यक आहे तितकेच शिसेवाले निकेल सिल्व्हर बिनशिशाच्या मालापासून वेगळे ठेवणेही आवश्यक आहे. तेलकट कात्रणे धुऊन वाळवून दिली तर भावात फरक पडतो.

हे काम घरगुती भट्टीत करण्याचा मोह मात्र कोणी धरू नये, असे मी आग्रहाने सांगेन. जस्त 907 अंश सेल्सिअसला उकळते आणि हा मिश्रधातू 1000 अंशांच्या बराच वर वितळतो; त्यामुळे मूस उघडताच जस्ताची वाफ पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते. त्या धुरात काम केलेल्या माणसाला संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, अंग दुखते, तोंडाला धातूची चव येते, आणि सकाळपर्यंत बरे वाटू लागल्याने तो ते अंगावर काढतो. चांगल्या ठिकाणी आधी तांबे व निकेल वितळवून जस्त सर्वांत शेवटी घालतात, रसावर कोळशाचे आच्छादन ठेवतात आणि धूर ओढून घेण्याची सोय करतात. यापैकी काहीच नसलेल्या जागी कात्रणे वितळवल्यास धातूचे प्रमाणही बिघडते आणि माणसाची फुप्फुसेही.

दागिने आणि भेटवस्तू बनवणाऱ्यांनाही प्रतीची नोंद टाळता येणार नाही. निकेलमुळे अनेकांच्या त्वचेवर खाज व पुरळ येते. युरोपीय महासंघात त्वचेला दीर्घकाळ लागून राहणाऱ्या वस्तूंतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटर 0.5 मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक निकेल बाहेर पडता कामा नये, आणि टोचलेल्या कानात घालायच्या काडीसाठी ही मर्यादा 0.2 आहे. आपल्याकडच्या बिलावर ‘जर्मन सिल्व्हर’ एवढेच लिहिलेले असते. त्यात निकेल आहे हे ग्राहकाला कोणी सांगत नाही. हुपरीसारख्या गावात पिढ्यानपिढ्या खऱ्या चांदीचे काम करणाऱ्या कारागिरांच्या दृष्टीनेही, चांदी नसलेल्या मालाच्या बिलावर ‘चांदी नाही, तांबे, निकेल व जस्त यांचा मिश्रधातू’ असे स्पष्ट लिहिले जाणे न्याय्य ठरेल.

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. लघुउद्योजकांनी खरेदीच्या कागदावर तांबे, निकेल व जस्त यांचे प्रमाण, शिशाची मर्यादा, टेंपर आणि जाडीची सूट लिहावी व मालासोबत कारखान्याचे चाचणी प्रमाणपत्र मागावे. प्रेसच्या प्रत्येक बदललेल्या कामाबरोबर खालची पेटीही बदलावी, आणि पेटीवर कात्रणाची प्रत खडूने का होईना, लिहावी. ज्यांच्याकडे महिन्याला थोडीच कात्रणे निघतात त्यांच्यासाठी औद्योगिक वसाहतींतील उद्योजक संघटनांनी एक सामाईक साठवण ठेवावी, जिथे चार-सहा कारखान्यांचा एकाच प्रतीचा माल एकत्र होऊन थेट पट्टी बनवणाऱ्या कारखान्याकडे जाऊ शकेल. हातात धरून धातूचे घटक सांगणारे क्ष-किरण उपकरण एकट्या लहान कारखान्याला परवडत नाही. ते महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या प्रत्येक मोठ्या वसाहतीत संघटनेच्या कार्यालयात, माफक शुल्कात, कोणालाही वापरता यावे. तोपर्यंत संशयास्पद पांढऱ्या तुकड्यावर डायमिथाइलग्लायॉक्झिम आणि अमोनियाचा बोळा घासून पाहण्याची स्वस्त चाचणी प्रत्येक स्टोअरकीपरला शिकवता येईल. बोळा गुलाबी झाला तर तुकड्यातून निकेल सुटते आहे असे समजावे आणि तो पितळेच्या पेटीत टाकू नये.

महत्त्वपूर्ण खनिजांच्या पुनर्वापरासाठी केंद्राने सप्टेंबर 2025 मध्ये 1,500 कोटी रुपयांच्या प्रोत्साहन योजनेला मंजुरी दिली आहे. तिचे लक्ष प्रामुख्याने ई-कचरा आणि वापरलेल्या बॅटऱ्या यांच्यावर आहे. सर्किट बोर्डवरची निकेल सिल्व्हरची झाकणे त्या ई-कचऱ्यातच येतात आणि बोर्ड दळण्यापूर्वी ती उचकटून वेगळी काढणे हाताच्या साध्या अवजारानेही शक्य असते. प्रेसशॉपमध्ये निघणारी प्रतवार कात्रणे आणि ही झाकणे, दोन्ही त्या योजनेच्या कक्षेत स्पष्ट शब्दांत आणावीत, यासाठी राज्याच्या उद्योग विभागाने केंद्राकडे पाठपुरावा करावा, अशी आपल्या दैनिकामार्फत माझी विनंती आहे.

आपला नम्र,
टूलरूम व प्रेसकाम क्षेत्रातील एक निवृत्त तंत्रज्ञ,
पिंपरी-चिंचवड